फाटकाबाहेर न जाणारी इंजिने

इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाने काय काय पाहून यावे, याची आपल्याकडे एक ठरीव यादी आहे. लंडनचा तो उघडमीट करणारा पूल, स्ट्रॅटफर्डचे शेक्सपिअरचे घर, सवड असली तर वर्ड्स्वर्थची सरोवरे. त्यातून जाणारा भाषेचा मास्तर असला म्हणजे या यादीतून त्याची सुटकाच नाही. मीही ती बहुतेक पुरी केली. पण २०२४ च्या सप्टेंबरातल्या त्या प्रवासातून परत आल्यावर ज्या वस्तूबद्दल मी घरात सर्वांत जास्त बोललो, आणि जिच्याबद्दल ऐकताना घरच्यांनी सर्वांत आधी जांभया दिल्या, ती यादीत कुठेच नव्हती. ती वस्तू म्हणजे कारखान्यांच्या आवारात वाघिणी ओढणारी डीझेलची अवजड इंजिने.

वाघीण हा शब्द आमच्या वर्गात निघाला की हमखास हशा पिकतो. वॅगनचे इतके झकास मराठीकरण ज्या कुणा अनामिक खलाशाने केले, त्याला भाषाशास्त्राची पदवी द्यायला हरकत नव्हती. या वाघिणी जोडणे, तोडणे, या रुळावरून त्या रुळावर लावणे, याचे नाव शंटिंग. मनमाडला किंवा दौंडला आपली गाडी रेंगाळली, की पलीकडे एखादे बुटके इंजिन कुरकुरत पुढेमागे करताना दिसते. आपण त्याच्याकडे पाहतो ते आपल्या गाडीला उशीर त्याच्यामुळेच होतो आहे अशा नजरेने. तरी त्याला निदान कुणी पाहते तरी. याच जातीची जी इंजिने पोलादाच्या कारखान्यात, खाणीवर, बंदराच्या धक्क्यावर राबतात, ती तर जन्मात फाटकाबाहेर जात नाहीत. त्यांना वेळापत्रक नाही, स्टेशन नाही, आणि निरोप द्यायला फलाटावर उभे राहणारे माणूस नाही.

लीड्सला माझा पुतण्या असतो. त्याच्या घरापासून हंस्लेट हा भाग बसने फार दूर नाही. तिथे जायचे म्हटल्यावर तो म्हणाला, "काका, तिथं बघण्यासारखं काही नाही हो. एक मैलभराची रेल्वे आहे, लोक रविवारी पोरांना बसवून आणतात."

"मग मलाही आण की बसवून," मी म्हणालो.

ती मैलभराची रेल्वे म्हणजे मिडल्टन रेल्वे. तिचे वय ऐकून माणूस चपापतो. मिडल्टनच्या खाणीतला कोळसा लीड्स शहरात आणण्यासाठी चार्ल्स ब्रँडलिंग नावाच्या जमीनदाराने १७५८ साली पार्लमेंटकडून कायदा करून घेतला. रेल्वेसाठी पार्लमेंटने केलेला तो पहिला कायदा. आपल्याकडे पानिपत व्हायला अजून तीन वर्षे होती! रूळ लाकडाचे आणि ओढायला घोडे. पुढे नेपोलियनशी लढाया जुंपल्या, घोडे लष्कराकडे गेले, चंदी महागली, आणि १८१२ साली खाणीचा व्यवस्थापक जॉन ब्लेंकिन्सॉप आणि लीड्सचाच कारागीर मॅथ्यू मरे यांनी या मार्गावर वाफेचे इंजिन आणले. धंद्यात खरोखर उपयोगी पडलेले हे जगातले पहिले रेल्वे-इंजिन. जॉर्ज स्टीफन्सनचे नाव आपण शाळेत घोकतो. त्याचे 'रॉकेट' यायला अजून सतरा वर्षे अवकाश होता.

पण त्या इंजिनाला एक पेच सोडवावा लागला, आणि तोच पेच पुढे सव्वाशे वर्षांनी डीझेलवाल्यांच्याही पुढ्यात आला. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक. इंजिन हलके असेल तर चाक जागच्या जागी गरगरते, वाघिणी हलत नाहीत. बरे, इंजिन जड करावे तर त्या काळचे बिडाचे रूळ त्याच्या भाराने फुटतात. ब्लेंकिन्सॉपने तोडगा काढला तो असा, की रुळाच्या कडेला दात ओतून घेतले आणि इंजिनाला एक दातेरी चाक बसवले. पाच टनांच्या आसपासचे ते इंजिन दातांत दात अडकवून कोळशाची रांग ओढू लागले. काही वर्षांनी बॉयलर फुटून माणसे मेली, १८३५ साली पुन्हा घोडे आले, मग तीसेक वर्षांनी पुन्हा वाफ आली. एकदा नवे आले म्हणजे जुने गेलेच, असे आपण समजतो. मिडल्टनला घोड्याने इंजिनाची जागा परत घेतली होती.

हंस्लेटमध्ये एके काळी पायी फिरून पाहता येतील इतक्या जवळजवळ इंजिनांचे कारखाने होते. मॅनिंग वॉर्डल, हडस्वेल क्लार्क, फाउलर, किट्सन आणि खुद्द हंस्लेट इंजिन कंपनी. त्यांच्याही आधी इथे ई. बी. विल्सनची रेल्वे फाउंड्री होती. तिथे बांधलेले 'थॉमसन' नावाचे इंजिन १८५१ च्या डिसेंबरात रुडकीजवळ गंगेच्या कालव्याच्या कामावर माती वाहू लागले. हिंदुस्थानच्या भूमीवर धावलेल्या अगदी पहिल्या इंजिनांपैकी ते एक. मुंबईतही १८५२ च्या फेब्रुवारीत भायखळ्याच्या बाजूला 'फॉकलंड' नावाचे इंजिन रूळ टाकण्याच्या कामासाठी शंटिंग करत होते. नाव अर्थातच त्या वेळच्या गव्हर्नरसाहेबांचे. म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला थाटात गाडी निघाली, त्याच्या आधी वर्षभर एक काळवंडलेला गडी निमूटपणे तिची पायवाट तयार करत होता. त्या समारंभाची वर्णने आपण आजही वाचतो. फॉकलंडला कुणी हार घातल्याचे ऐकिवात नाही.

विल्सनचा कारखाना बुडाला, आणि त्याच्याच जागेच्या एका भागावर १८६४ साली जॅक लेनमध्ये हंस्लेट कंपनी उभी राहिली. गिऱ्हाइके बहुतेक खाणी, कारखाने आणि ठेकेदार. आणि इथेच १९३२ साली बांधलेले एक इंजिन आज मिडल्टनच्या इंजिनघरात उभे आहे. ते पाहायला मी आलो होतो. त्याचे नाव 'जॉन अल्कॉक', कंपनीच्या एका व्यवस्थापकीय संचालकावरून ठेवलेले. तीन जोड चाके, लांबट पेटीसारखे धूड, मागे ड्रायव्हरची खोली. बघणारा सहज पुढे निघून जाईल असे रूप. पुतण्या खरेच पुढे गेला, आणि एका वाफेच्या इंजिनाचा फोटो काढत बसला.

तसे बघितले तर या पेटीत एक मोठा जुगार होता. रुडॉल्फ डीझेलने आपले पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात चालवून दाखवले. त्याच कारखान्याच्या वंशातल्या एम.ए.एन. कंपनीचे १५० अश्वशक्तीचे इंजिन हंस्लेटवाल्यांनी या पेटीत बसवले. मधली पस्तीस वर्षे काय झाले? झाले असे, की डीझेल हे रेल्वेच्या कामाला स्वभावानेच गैरसोयीचे. वाफेचे इंजिन उभ्या जागेवरून पुऱ्या ताकदीने ओढू शकते. दट्ट्यावर वाफेचा दाब आला की चाक फिरले नसले तरी जोर लागलेला असतो. डीझेल मात्र आधी फिरत असले पाहिजे, तरच त्याच्या अंगात बळ. उभ्या डीझेलला शून्य बळ. आणि शंटिंगचे सगळे काम तर उभ्या जागेवरून निघण्याचेच! दिवसातून शेकडो वेळा थांबायचे आणि शेकडो वेळा निघायचे. म्हणजे फिरणारे इंजिन आणि थांबलेले चाक यांची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ हवा. मोटारीत ते काम क्लच आणि गिअर करतात. पण पाचशे टनांच्या रांगेपुढे मोटारीचा क्लच म्हणजे उदबत्तीच.

हा मध्यस्थ तीन प्रकारांनी मिळाला. हंस्लेटने क्लच आणि दंतचक्रांचाच मार्ग धरला, फक्त दणकट. इंग्लिश इलेक्ट्रिकने डीझेलकडून जनित्र फिरवून वीज काढली आणि ती आसांवरच्या मोटरींना दिली. वीज-मोटर उभ्या जागेवरूनच सर्वांत जोरात ओढते, हा तिचा गुण. तिसरा प्रकार तेलाचा. समोरासमोर दोन पंखे ठेवा, एक विजेने चालवा, दुसरा त्याच्या वाऱ्याने आपोआप फिरू लागेल. हवेच्या जागी तेल घाला आणि पंखे एका बंद डब्यात बसवा, की झाले. पहिला पंखा वेगाने फिरत असताना दुसरा थांबलेला राहिला तरी काही मोडत नाही, आणि तरी त्याच्यावर जोर लागलेला असतो. श्रूझबरीचा सेंटिनेलचा कारखाना आधी वाफेची छोटी इंजिने बांधत असे. रोल्स-रॉइसच्या हाती गेल्यावर १९५९ पासून त्याने या तेलवाल्या डीझेलांचाच धंदा धरला. या तेलाच्या आणि दंतचक्रांच्या जोडणीत आपल्याकडच्या मनमोहन सुरी यांनीही आपली स्वतंत्र युक्ती शोधली. त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले, आणि त्यांची जोडणी बसवलेली शंटिंगची इंजिने जर्मनीतल्या कील गावी माक कंपनीने भारतीय रेल्वेसाठी १९६१ च्या सुमारास बांधली. हे कील गाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आता वजनाची गोष्ट. मेल-गाडीचे इंजिन बांधणारा कारागीर शक्य तिथे वजन कमी करू पाहतो. शंटिंगच्या इंजिनात मुद्दाम बिडाचे ठोकळे भरतात! कारण ओढ येते ती चाकाने रुळाला किती दाबून धरले आहे त्यावर. कोरड्या रुळावर वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी ओढ मिळते, त्याहून जास्त अश्वशक्ती घातली तर चाके नुसती फिरतील. ब्लेंकिन्सॉपला जो भार रूळ फुटतील म्हणून वर्ज्य होता, तोच आता पोलादी रुळांवर हक्काचा झाला. ब्रिटिश रेल्वेने १९५२ ते १९६२ या काळात एकाच नमुन्याची ९९६ शंटिंग-इंजिने बांधली. पुढे त्यांना '०८' हा वर्ग-क्रमांक मिळाला. ताकद अवघी ३५० अश्वशक्ती. आज मुंबई-पुणे रस्त्यावर आपल्याला मागे टाकून जाणाऱ्या मोठ्या ट्रकांत याहून जास्त असते. पण वजन सुमारे ४९ टन, आणि सुरुवातीची ओढ जवळजवळ १६ टन. वेग म्हणाल तर बहुतेकांचा ताशी १५ मैल. टांग्याचा घोडा आणि मोटेचा बैल यांत जो फरक, तोच इथे. मोटेच्या बैलाला शर्यतीत कुणी उतरवत नाही, आणि शर्यतीच्या घोड्याने विहिरीतले पाणी वर आलेले मी पाहिलेले नाही.

इंजिनघरातल्या एका स्वयंसेवकाने मला जॉन अल्कॉकच्या पायरीवर चढू दिले. निवृत्त माणूस, हात तेलाने काळे, बोलणे यॉर्कशायरचे. दर तिसरा शब्द पुतण्या मला परत सांगत होता. १९६० च्या जून महिन्यात ही रेल्वे मोडीत निघण्याच्या बेतात होती. तेव्हा लीड्स विद्यापीठातले फ्रेड यूएल नावाचे अध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ती चालवायला घेतली. त्यांच्या पहिल्या गाडीला जोडले होते ते हेच डीझेल, आणि मागे स्वान्झीहून आणलेला ट्रामचा डबा. जुन्या रेल्वे जतन करणाऱ्या लोकांना वाफेचे वेड, आणि त्यांची पहिली गाडी ओढली ती डीझेलने! त्या सप्टेंबरपासून तर ही मंडळी आसपासच्या कारखान्यांचा मालही नेऊ लागली, आणि ते काम १९८३ पर्यंत चालले. अध्यापक आणि विद्यार्थी मिळून मालगाडी चालवतात, हे वाचून आमच्या स्टाफरूममध्ये काय चर्चा होईल याची कल्पना करत मी बराच वेळ उभा राहिलो. आमच्याकडे स्नेहसंमेलनाचा मंडप वेळेवर उभा राहिला तरी आम्ही प्राचार्यांचे अभिनंदन करतो.

जॅक लेनचा कारखाना १९९५ साली बंद झाला. गंमत अशी, की डीझेलचा पाया घालणाऱ्या या कंपनीने वाफेलाही शेवटपर्यंत सोडले नाही. तिचीच रचना असलेले 'ऑस्टेरिटी' नावाचे ४८ टनी वाफेचे इंजिन १९४३ पासून लढाईच्या कामासाठी शेकड्यांनी बांधले गेले, आणि त्यातले शेवटचे कोळसा मंडळासाठी १९६४ साली बाहेर पडले. कोळशाच्या खाणीला कोळसा फुकटाच्या भावात. तिने डीझेल का विकत घ्यावे? जावातल्या एका साखर कारखान्यासाठी तर या कंपनीने १९७१ सालीही एक छोटे वाफेचे इंजिन बांधून दिले.

डीझेलची खरी निकड होती पोलादाच्या कारखान्यांना. वाफेचे इंजिन सकाळी सहाला हवे असेल तर कुणीतरी पहाटे त्याची चूल पेटवलेली असली पाहिजे. राख काढा, पाणी भरा, बॉयलर धुवा. काम नसतानाही कोळसा जळतोच. पोलादाची भट्टी दिवसरात्र चालते, तिला असा आजारी गडी परवडत नाही. म्हणून शेफील्डच्या यॉर्कशायर इंजिन कंपनीने, जी स्वतःच युनायटेड स्टील या पोलाद कंपनीच्या मालकीची होती, १९५६ पासून एक इंजिन बांधायला घेतले. वजन ४८ टन, सहा चाके, रोल्स-रॉइसची २०० अश्वशक्तीची दोन डीझेले, एक पुढे आणि एक मागे, मधोमध ड्रायव्हरची खोली. काम हलके असले तर एकच चालवावे, एक बिघडले तर दुसऱ्यावर भागवावे. दोन्हीकडे तोंड म्हणून नाव ठेवले रोमन देवाचे, जेनस. आपल्याकडे बांधले असते तर त्याला मांडूळ म्हटले असते, आणि ते नाव अधिक शोभले असते. मांडूळही जाडजूड, संथ आणि निरुपद्रवी. तो शेफील्डचा कारखाना १९६५ साली मिटला. त्या मेडोहॉल भागाचे नाव आज काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो १९९० साली उघडलेला प्रचंड बाजार. तोही एका पोलाद कारखान्याच्याच जागेवर उभा आहे.

ही इंजिने अजून कामावर असलेली पाहायची तर स्कंथॉर्प गाठावे लागते. लीड्सहून डॉनकॅस्टर, तिथे गाडी बदलून पूर्वेला. सपाट शेते, कालवे, मध्येच एखादे चर्च, आणि मग एकाएकी क्षितिजावर धुराडी. १८५९ साली इथे लोखंडाचे खनिज असल्याचे ध्यानात येईपर्यंत ही पाचसहा खेडी होती. गावाच्या नगरपालिकेने आपले बोधवाक्य घेतले ते असे, की आभाळात आमच्या कष्टांचे प्रतिबिंब पडते. ही कविकल्पना नव्हे. भट्टीतली तप्त मळी इंजिने ओढून टेकाडावर नेत आणि रात्री उताराला ओतत, त्याने खरोखरच आभाळ लाल होई. बोधवाक्याचा इतका सरळ अर्थ असलेले दुसरे गाव मला माहीत नाही.

या कारखान्याच्या आत रेल्वेप्रेमींची एक संस्था आधी नाव नोंदवलेल्या लोकांना गाडीतून फिरवून आणते. आमच्या गाडीला जेनसच जुंपले होते. ते निघाले तेव्हा धक्का बसला नाही. नुसती जमीन मागे सरकू लागली. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. लीड्सला त्याने या जातीच्या इंजिनाकडे पाठ फिरवली होती, इथे मात्र तो खिडकी सोडायला तयार नव्हता.

झोतभट्ट्या चार, आणि चौघींना राण्यांची नावे. मेरी आणि बेस १९३९ च्या, अ‍ॅन आणि व्हिक्टोरिया १९५४ च्या. आम्ही गेलो तेव्हा चौघींपैकी दोघीच पेटत्या होत्या, बेस आणि अ‍ॅन. भट्टीच्या पोटातून निघालेले लोखंड दीड हजार अंशांच्या आसपास तापलेले असते. ते ओततात एका लांब सिगारच्या आकाराच्या, आतून विटा लावलेल्या वाघिणीत. तिचे नाव टॉर्पेडो. ती भरली की शेकडो टनांची होते, आणि तिला कारखान्यातल्या कारखान्यात पोलादाच्या विभागाकडे न्यायचे असते. अंतर थोडे, पण त्या अंतरावर सगळा कारखाना तोललेला असतो. उशीर झाला तर रस आत थिजतो. घाई केली तर हिंदकळतो.

आमच्याबरोबर एक म्हातारा मार्गदर्शक होता. तरुणपणी तो याच कारखान्यात वाफेच्या इंजिनावर फायरमन होता, पुढे डीझेलचा ड्रायव्हर झाला. मी त्याला विचारले, डीझेल आल्यावर बरे वाटले का?

"पाठीला वाटलं," तो म्हणाला. "दिवसाला किती टन कोळसा फावड्यानं टाकला याचा हिशेब माझ्या पाठीनंच ठेवलाय."

मग जरा थांबून म्हणाला, "पण आम्ही दोघं होतो. मी आणि ड्रायव्हर. डीझेल आलं तेव्हा खोलीत एकच खुर्ची होती."

त्याला खुर्ची मिळाली. त्याच्याबरोबरच्या सगळ्या फायरमनांना मिळाली नाही. पुढे काही कारखान्यांत तर ती एक खुर्चीही रिकामी झाली. शंटर खाली रुळाकडेला उभा राहून पट्ट्याला अडकवलेल्या पेटीची बटणे दाबतो, आणि इंजिन आपले आपण चालते. टॉर्पेडो कशी निघवायची, हे मी विचारल्यावर मात्र त्याचे तोंड खुलले. आधी कपलिंगमधला सैलपणा हळूच काढायचा, मग क्षणभर नुसता जोर धरून ठेवायचा, आणि वाघीण स्वतः निघू म्हणेपर्यंत वाट पाहायची. नुसत्या हाताच्या खुणांनी त्याने ते दाखवले. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेऊन उठणाऱ्या बाईला विचारले तर तीही हेच सांगेल. हे काम करायला बळ लागते ते धावण्यासाठी नव्हे, इतके समजायला मला प्रत्यक्ष तिथे जावे लागले. पुस्तकातल्या ३५० आणि ४०० या आकड्यांवरून ते कळत नाही.

मोठ्या टॉर्पेडोंना जेनस पुरत नाही. त्यांना अधिक भारी इंजिने लागतात, आणि त्यांतली काही मी पाहिली ती नॉर्वेची होती. नॉर्वेच्या रेल्वेसाठी १९९६-९७ साली बांधलेली आणि तिथे नकोशी झालेली ही डी-८ जातीची डीझेले या कारखान्याने उतारवयात घेतली. बांधणीचे गाव कील, आणि बांधणारी माक, जिने सुरींची जोडणी बसवून भारतासाठी इंजिने केली तीच. ती विकत घेतली गेली तेव्हा कारखान्याची मालकी होती आपल्या टाटांकडे.

हे सांगताना म्हाताऱ्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिले. मी मुंबईकडचा, म्हणजे टाटांच्या शेजारचाच, असा त्याचा समज असावा. टाटा स्टीलने २००७ साली कोरस ही युरोपातली बलाढ्य पोलाद कंपनी घेतली, तिच्याबरोबर स्कंथॉर्पही आले. त्या दिवशी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांचे मथळे आठवतात. साहेबाचा कारखाना आपण घेतला म्हणून आम्ही वर्गात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. २०१६ साली टाटांनी स्कंथॉर्प आणि त्याच्याबरोबरचा व्यवसाय ग्रेबुल या कंपनीला अवघ्या एका पौंडाला देऊन टाकला. त्याचे मथळे मला आठवत नाहीत. मग 'ब्रिटिश स्टील' हे जुने नाव परत आले, २०१९ साली दिवाळे निघाले, २०२० साली चीनची जिंग्ये कंपनी मालक झाली.

"मालक बदलले की काय बदलतं?" मी विचारले.

"इंजिनाचा रंग," तो म्हणाला.

मी हसलो, तो हसला नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून त्याच्या घरातले कुणी ना कुणी या फाटकातून आत जात आले होते, आणि नातू मात्र लीड्सला संगणकाच्या कामावर होता. भट्टी एकदा विझून थंड झाली, की आतला सगळा ऐवज थिजून दगड होतो. ती पुन्हा पेटवणे जवळजवळ नवी बांधण्याइतकेच कठीण. मग टॉर्पेडो नाही, आणि टॉर्पेडो नाही तर ती ओढणारे इंजिनही नाही. ते दुसरीकडे जाऊन काय करणार? जॉन अल्कॉकसारखे भाग्य एखाद्याच्याच वाट्याला येते. बाकीच्यांना कापून त्यांचे भंगार शेवटी पोलादाच्याच भट्टीत जाते.

आम्ही परत आल्यावर सहा महिन्यांनी, २०२५ च्या मार्चमध्ये, जिंग्येने स्कंथॉर्पच्या दोन्ही भट्ट्या बंद करण्याचा विचार जाहीर केला. २,७०० पर्यंत लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. कोक आणि खनिज बाहेरून मागवावे लागे आणि साठा संपत आला होता. १२ एप्रिलला, चक्क शनिवारी, सुट्टीत गेलेले पार्लमेंट परत बोलावून एका दिवसात कायदा झाला आणि कारखान्याचा कारभार सरकारने आपल्या ताब्यात घेतला. ज्या पार्लमेंटने १७५८ साली मैल-दोन मैलांच्या कोळशाच्या रुळांसाठी कायदा केला होता, त्यानेच आता या भट्ट्यांसाठी केला. त्या आठवड्यात पुतण्याचे फोन रोज येत. "काका, जहाज लागलं इमिंगहॅमला," असे त्याने सांगितले तेव्हा मला हे आपल्या घरचेच कुणी रुग्णालयातून सुटून आल्यासारखे वाटले. कोकसाठीचा कोळसा आणि खनिज तिथल्या धक्क्यावर उतरले, तिथून रेल्वेने स्कंथॉर्पला आले. महिना संपायच्या आत कंपनीने कामगारकपातीची नोटीस मागे घेतली. बेस आणि अ‍ॅन पेटत्या राहिल्या, आणि त्यांच्यातून निघालेला रस थिजायच्या आत हलवायचा होता.